लाल रेषेचा पदार्थ

पोस्टरांच्या दालनातली गर्दी पांगत आली होती. कोपऱ्यातल्या एका पोस्टरसमोर एक विद्यार्थिनी अजून उभी होती. समोर एक ज्येष्ठ प्रयोगकर्ते होते. द्रव हेलियमच्या टाक्या आणि व्हॅक्यूम पंपांची घरघर यांतच त्यांची हयात गेली. पोस्टरवर एका सुपरकंडक्टर (अतिवाहक, म्हणजे पुरेसं थंड केल्यावर विजेला रोधच न करणाऱ्या) संयुगाच्या ऊर्जापट्ट्यांचं, त्यातल्या इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचं, चित्र होतं, शेवयांसारखं गुंतलेलं, काळ्या आणि लाल रेषांचं. काळ्या रेषा स्पिन-ऑर्बिट कपलिंग धरून काढलेल्या, लाल रेषा ते न धरता. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, अगदी जवळ वाकून एका लाल रेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “काळी रेषा तुझ्या संयुगाची. ही लाल कुणाची?” ती म्हणाली, “त्याच संयुगाची, सर. फक्त स्पिन-ऑर्बिट बंद केलंय.” “कुठे बंद केलंस?” “इनपुट फाइलमध्ये.” सर थोडा वेळ त्या रेषेकडे पाहत राहिले. मग अगदी मनापासून म्हणाले, “मला या लाल संयुगाचा तुकडा मिळायला हवा होता. मोजून पाहिलं असतं.” मी शेजारीच उभा होतो. त्या मुलीला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, आणि मलाही नाही.

तसली चित्रं मीही काढली आहेत. गणनेच्या फाइलीत एक ओळ असते. तिथे ‘हो’च्या जागी ‘नाही’ लिहिलं की संगणक तेच संयुग पुन्हा सोडवतो, या वेळी इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांच्यातला दुवा काढून टाकून. दोन निकाल एकावर एक ठेवले की फरक दिसतो, आणि त्या फरकाखाली आपण लिहितो: हा स्पिन-ऑर्बिटचा परिणाम. हे इतकं सवयीचं झालं आहे की त्यात एक पदार्थ खरा आणि एक कल्पनेतला आहे हे डोळ्यांना जाणवेनासं होतं. सरांचं बोट नेमकं त्या कल्पनेतल्या पदार्थावर पडलं होतं. त्यानंतर बरेच दिवस अतिवाहकतेवरचं काहीही वाचताना मी आधी ती लाल रेषा शोधायचो. कधी ती चित्रात असायची, तर कधी फक्त एखाद्या वाक्यात लपलेली: ‘जड अणूमुळे’, ‘प्रबळ स्पिन-ऑर्बिटमुळे’. असं प्रत्येक ‘मुळे’ म्हणजे न दिसणारी एक लाल रेषा.

पण स्पिन-ऑर्बिटशी माझी पहिली भेट अशी रेषांमधून झालेली नव्हती. ती डोळ्यांनी झाली होती, कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत. सोडियमचा दिवा लावला की आधी तो गुलाबीसर लाल तेवतो, मग हळूहळू पिवळा होत जातो, आणि तापल्यावर त्याच्या पत्र्याच्या झाकणाला एक वास सुटतो. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, फट अरुंद करत न्यायची, श्वास धरायचा. प्रकाश रंगांत फोडणाऱ्या ग्रेटिंगच्या पहिल्या कोटीच्या वर्णपटात ती पिवळी रेषा एकसंध वाटते. दुसऱ्या कोटीत स्क्रू किंचित फिरवल्यावर ती मधोमध दुभंगते: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. अंतर नखाएवढंही नाही, पण एकदा दिसलं की दिसलं. केंद्रकाभोवती धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जागी बसून पाहिलं तर केंद्रकच त्याच्याभोवती फिरतं आहे. फिरणारा विद्युतभार म्हणजे प्रवाह, आणि प्रवाह म्हणजे चुंबकक्षेत्र. इलेक्ट्रॉनचा स्पिन स्वतः एक चिमुकलं चुंबक असतो. तो या क्षेत्राच्या बाजूने आहे की विरुद्ध, यावरून ऊर्जेत बारीक फरक पडतो. १९२५मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली तेव्हा हिशेब नेमका दुपटीने चुकत होता. पुढच्याच वर्षी ल्यूलिन थॉमस यांनी सापेक्षतेचा निसटलेला अर्धा गुणक दाखवून दिला. १९२८च्या डिरॅकच्या समीकरणातून तर हे सगळं न मागता बाहेर पडतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हा एक तुकडा त्या अंधाऱ्या खोलीत, दुर्बिणीच्या टोकाशी, मला पिवळ्या रंगात दिसला होता.

सोडियममध्ये हा फरक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारे दोन हजारांशाइतका असतो. त्याच गटात खाली सीझियमपर्यंत गेलं की तो तीसेक पटींनी वाढतो. थॅलियममध्ये तो जवळजवळ एक इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो. केंद्रकात जितके जास्त प्रोटॉन, तितका इलेक्ट्रॉन त्याच्या जवळून जाताना वेगाने धावतो. पाऱ्याच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त असतो. आवर्तसारणीच्या तळाशी राहणारे अणू सापेक्षतेपासून सुटू शकत नाहीत.

आता याच्या शेजारी अतिवाहकतेचे आकडे ठेवले की मला अजून चमत्कारिक वाटतं. शिसं ७.२ केल्विनखाली अतिवाहक होतं. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या बांधून वाहतात. शिशातली अशी एक जोडी तोडायला लागते ती ऊर्जा सुमारे २.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सोडियमच्या त्या दोन पिवळ्या रेषांमधल्या फरकाच्या आसपास. आणि शिशाच्या अणूत स्पिन-ऑर्बिटची ताकद एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात, काही शे पट. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या अतिवाहकतेच्या १९५७च्या सिद्धांतात जोडीतल्या एका इलेक्ट्रॉनचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. स्पिन-ऑर्बिट तर ‘वर’ आणि ‘खाली’ यांना शुद्ध राहूच देत नाही. मग काही शे पट ताकदवान गोष्ट त्या नाजूक जोडीला चिरडत का नाही? शिसं तर अतिवाहकांमधलं सालस मूल. पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून द्यावं असं.

उत्तर फिलिप अँडरसन यांनी १९५९मध्ये दिलं. विद्यार्थीदशेत ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. जोडी खरं तर ‘वर’ आणि ‘खाली’ यांची नसतेच. ती एका अवस्थेची आणि काळ उलटा चालवला तर मिळेल त्या अवस्थेची असते. काळ उलटा केला की वेग उलटतो आणि स्पिनही उलटतो. दोन्ही एकदम उलटले की त्यांच्यातला दुवा जसाच्या तसा राहतो. म्हणजे स्पिन-ऑर्बिट कितीही प्रबळ असो, एखाद्या अवस्थेला तिच्या काल-उलट जोडीदारापासून ते ऊर्जेत वेगळं पाडू शकत नाही. खरं चुंबक ते करू शकतं, म्हणून जोड्यांचा खरा शत्रू चुंबक. इथे ताकदीचा आकडा गौण ठरतो. निर्णायक ठरतं ते सममितीचं नातं.

जोडी टिकते खरी, पण तिच्यावर खूण राहते.

ही खूण सिद्धांताच्या आधीच दिसली होती, फक्त तिचा अर्थ लागत नव्हता. १९५७मध्ये रीफ यांनी पाऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांवर न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सचा, म्हणजे चुंबकक्षेत्रातली अणुकेंद्रकं नेमक्या कुठल्या वारंवारतेला प्रतिसाद देतात ते पाहण्याचा, प्रयोग केला. कण सूक्ष्म असणं भाग होतं, कारण अतिवाहकाच्या आत चुंबकक्षेत्र फार खोल शिरत नाही. केंद्रकाला आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन किती वळले आहेत ते जाणवतं. त्याने रेझोनन्स थोडासा सरकतो, त्याला नाइट शिफ्ट म्हणतात. पुढच्याच वर्षी योसिदा यांनी नव्या सिद्धांतावरून दाखवलं की सगळे इलेक्ट्रॉन उलट-सुलट स्पिनांच्या जोड्यांत बांधले गेले तर तापमान शून्याकडे जाताना हे सरकणं नाहीसं व्हायला हवं. पाऱ्यात ते नाहीसं होत नव्हतं. बराचसा भाग शिल्लक राहत होता, पुढे कथिलातही तसंच दिसलं. सिद्धांत नुकताच जन्मलेला आणि पुढ्यात हा आकडा. १९५९मध्ये फेरेल आणि अँडरसन यांनी स्वतंत्रपणे कारण दाखवलं: त्या चिमुकल्या कणांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन पुन्हापुन्हा आपटतो, जड अणूंच्या शेजारी प्रत्येक आपटीत स्पिन थोडा वळतो, आणि जोडी काल-उलट असली तरी तिचा स्पिन निखळ शून्य राहत नाही. जोडी अबाधित, स्पिन मात्र सरमिसळ. याच सरमिसळीचा एक फायदाही आहे. १९६२मध्ये क्लॉग्स्टन आणि बी. एस. चंद्रशेखर यांनी चुंबकक्षेत्राची एक मर्यादा काढली होती: संक्रमण तापमानाच्या (ज्याखाली पदार्थ अतिवाहक होतो त्या तापमानाच्या) दर केल्विनमागे १.८४ टेस्ला. त्यापुढे गेलं की जोडी मोडून दोन्ही स्पिन क्षेत्राच्या दिशेने वळवणं इलेक्ट्रॉनांना स्वस्त पडतं. पण जोडीत राहूनच स्पिन थोडे वळू शकत असतील तर मोडण्यातला नफा कमी होतो आणि मर्यादा ओलांडता येते. शिल्लक राहिलेली नाइट शिफ्ट आणि ओलांडली गेलेली मर्यादा ही एकाच गोष्टीची दोन रूपं.

पारा म्हटलं की मला सरांचा प्रश्न आणखी टोचतो. १९११मध्ये लायडनला कामरलिंग ओनस यांनी अतिवाहकतेचा शोध पाऱ्यात लावला, ४.२ केल्विनजवळ. पारा का घेतला? तो द्रव असतो, ऊर्ध्वपातन करून तो त्या काळीही अतिशय शुद्ध करता यायचा. आणि पारा द्रव का असतो? सापेक्षतेमुळे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत सापेक्षता काढून टाकल्यावर पाऱ्याचा वितळणबिंदू सुमारे १०५ अंशांनी वर सरकला. म्हणजे तो कल्पनेतला पारा खोलीच्या तापमानाला घट्ट धातू असता. हे काम मुख्यतः स्पिन-ऑर्बिटचं नाही, त्याच्या सख्ख्या भावाचं आहे: वेगामुळे कक्षा आक्रसण्याचं. पण दोघे एकाच समीकरणातून आलेले. म्हणजे लाल रेषेच्या जगात ओनस यांच्या हाती तो द्रव पाराच नसता. आपण इनपुट फाइलीत ‘नाही’ लिहितो तेव्हा अणूंच्या जागा मात्र खऱ्या पदार्थातल्याच ठेवतो, आणि ते अणू त्या जागी उभे असतात ते अंशतः याच परिणामामुळे! शिशाचंच पाहा. त्याच्या फोनॉनांची (अणूंच्या सामूहिक कंपनांची, ज्यांच्या आधाराने जोड्या जुळतात) गणना स्पिन-ऑर्बिट धरून केली की कंपनं मऊ होतात, इलेक्ट्रॉन आणि कंपनं यांच्यातली जवळीक वाढते आणि निकाल प्रयोगाच्या जवळ येतो. ते सालस मूलसुद्धा आपली अतिवाहकता काही अंशी सापेक्षतेकडून उधार घेऊन बसलं आहे.

हे सगळं झालं अशा स्फटिकांबद्दल ज्यांना उलटापालट मान्य असते: एका बिंदूतून प्रत्येक अणू पलीकडे नेला तरी रचना तीच. मला ज्या गोष्टीने खरं वेड लावलं ती यापुढची आहे. धातू-धातूंची काही संयुगं अशी असतात की त्यांच्या रचनेत असा मध्यबिंदूच नसतो. तिथे स्पिन-ऑर्बिट नुसतं सरमिसळ करून थांबत नाही. ते स्पिनला गतीच्या दिशेशी बांधून टाकतं. आट्यांच्या स्क्रूसारखं: पुढे जायचं तर या बाजूनेच फिरावं लागेल. मग एकाच ऊर्जापट्टीच्या दोन होतात, एकीत उजवे आटे, दुसरीत डावे. जोड्या आता ‘शून्य स्पिनच्या’ (दोन्ही स्पिन विरुद्ध) आणि ‘एक स्पिनच्या’ (दोन्ही एका बाजूचे) अशा दोन स्वच्छ खणांत बसत नाहीत. गॉर्कोव्ह आणि राश्बा यांनी २००१मध्ये हे मिश्रण द्विमितीय अतिवाहकासाठी मांडलं. २००४मध्ये व्हिएन्नातल्या गटाने सेरियम, प्लॅटिनम आणि सिलिकॉन यांचं संयुग पुढे आणलं: संक्रमण तापमान जेमतेम ०.७५ केल्विन, चंद्रशेखर-क्लॉग्स्टन मर्यादा सुमारे १.४ टेस्ला, आणि हे सहन करतं पाच टेस्लाच्या आसपास. पण सेरियमचे स्वतःचे चुंबकी इलेक्ट्रॉन मध्ये लुडबुड करतात, २.२ केल्विनला ते वेगळीच चुंबकी मांडणी करून बसलेले असतात. कोण काय करतंय ते सांगता येईना.

मग त्याच वर्षी एक जोडगोळी आली.

लिथियमचे दोन अणू, पॅलेडियमचे तीन, बोरॉनचा एक. आणि दुसरं संयुग हुबेहूब तसंच, फक्त पॅलेडियमच्या जागी प्लॅटिनम. जपानमधल्या तोगानो आणि सहकाऱ्यांनी पॅलेडियमवाल्याची अतिवाहकता जाहीर केली, सात-आठ केल्विनच्या दरम्यान. प्लॅटिनमवालं त्याच्या मागोमाग आलं, तीन केल्विनच्याही खाली. आत सहा जड अणूंच्या अष्टफलकाच्या पोटात एक बोरॉन, असे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा लावून, पण तिरके कलंडून बसलेले, मधल्या जागांत लिथियम. रचना घनाकृती, तरी तिला मध्यबिंदू नाही. दोन्हींत चुंबकी अणू नाहीत. पॅलेडियमचा अणुक्रमांक ४६, प्लॅटिनमचा ७८. आवर्तसारणीत एकाच रकान्यात, एकाखाली एक. सर ज्या तुकड्याची इच्छा करत होते त्याच्या इतक्या जवळ निसर्ग क्वचितच येतो.

असली संयुगं बनताना मी पाहिली आहेत, आणि ते पाहणं मला फार आवडतं. पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या बैठकीवर धातूचे तुकडे, भोवती आरगॉन वायू, वरून टंगस्टनची टोकदार कांडी. वेल्डिंगची गडद काच डोळ्यांसमोर धरायची आणि आर्क पेटवायचा. निळसर पांढऱ्या झोतात तुकडे आधी थरथरतात, मग एकदम गोळा होऊन चकाकता मणी बनतो. लिथियमचं दुखणं वेगळं. ग्लव्हबॉक्समध्ये सुरीने लोण्यासारखं कापलं जातं, ताजा कट क्षणभर आरशासारखा असतो, आणि आर्कखाली आलं की बाकीचे धातू वितळायच्या आधी ते वाफ होऊन निघून जातं. म्हणून आधी जड धातू आणि बोरॉन यांचा मणी करून घ्यायचा, मग त्यात लिथियम घालायचं, आणि उडून जाणार हे धरून थोडं जास्तच. तयार झालेला राखाडी खडा तळहातावर घेतला तर तो पॅलेडियमचा आहे की प्लॅटिनमचा ते रंगावरून सांगणं कठीण. वजन मात्र बोलतं.

२००६मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने या दोघांमध्ये चुंबकक्षेत्र किती खोल शिरतं ते मोजलं. मोजमाप साधं वाटतं आणि अतोनात नाजूक असतं: खडा एका चिमुकल्या वेटोळ्यात ठेवायचा, वेटोळं एका ऑसिलेटरला जोडायचं, आणि तापमान बदलताना त्या ऑसिलेटरची वारंवारता किती हलते ते पाहत राहायचं. पॅलेडियमवाल्याची रेषा तापमान उतरता उतरता सपाट होत गेली. याचा अर्थ सगळ्या जोड्या घट्ट बांधलेल्या, थोड्याशा उष्णतेने एकही सुटत नाही. पुस्तकात असतं तसं. प्लॅटिनमवाल्याची रेषा मात्र अगदी खालच्या तापमानापर्यंत सरळ उतरत राहिली, सपाट झालीच नाही. म्हणजे गतीच्या काही दिशांना जोडी बांधणारी ऊर्जा शून्यच आहे, तिथे कितीही थंड केलं तरी कोणी ना कोणी सुटतंच. पुढच्या वर्षी जपानमधल्या ओकायामाच्या गटाने नाइट शिफ्टचे निकाल मांडले. पॅलेडियममध्ये ती संक्रमणानंतर घसरली. प्लॅटिनममध्ये जागची हललीसुद्धा नाही. पाऱ्याच्या कणांसारखा इथे पृष्ठभागाचा आडोसा घेता येत नाही. इथे स्फटिकाच्या पोटातल्या जोड्याच स्पिन बाळगून आहेत असं दिसत होतं. हे दोन आलेख शेजारी ठेवून मी कितीदा पाहिले असतील. एक अणू बदलला, बाकी सगळं तेच, आणि अतिवाहकतेची जातच बदलली. सरांना हेच दाखवावं असं वाटत होतं: हा घ्या तुमचा लाल रेषेचा तुकडा, तो पॅलेडियमचा आहे.

पण ‘बाकी सगळं तेच’ या शब्दांवर विसंबता येत नव्हतं. ओकायामाच्या गटानेच मग दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून मधली सगळी संयुगं केली. स्पिन-ऑर्बिट हाच एकटा सूत्रधार असता तर प्लॅटिनम वाढत जाताना बदलही हळूहळू व्हायला हवा होता. २०१२मध्ये त्यांनी दाखवलं ते वेगळंच होतं. प्लॅटिनमचा वाटा ऐंशी टक्क्यांपर्यंत नेला तरी संयुग पॅलेडियमसारखंच वागत राहतं. त्यापुढे एकाएकी पालटतं. आणि नेमक्या त्याच ठिकाणी अष्टफलकांच्या एकमेकांशी असलेल्या कोनातही उडी दिसते, रचना जास्त वाकडी होते. जड अणू होताच. तो कामी आला रचना पुरेशी कलंडल्यावर. मध्यबिंदू नसणं ही ‘आहे किंवा नाही’ अशी गोष्ट नाही, इलेक्ट्रॉनला ती किती जाणवते याला महत्त्व आहे. हे वाचून मी हिरमुसलो, हे खरं. इतकं सुरेख, दोन खडे शेजारी ठेवून सांगता येणारं उत्तर हातातून गेलं. पण ज्यांनी आधीचा देखणा निकाल दिला त्यांनीच तो पुढे ताणून तपासला, याबद्दल त्या लोकांविषयी मनात जे वाटतं त्याला आदर हा शब्द थोडा कोरडा आहे.

तेव्हापासून ‘जड अणू, म्हणून विचित्र अतिवाहकता’ असं कुणी सरळ म्हणालं की मी सावध होतो. बिस्मथ-पॅलेडियमचं उदाहरण डोळ्यांसमोर येतं. बिस्मथचा अणुक्रमांक ८३, स्फटिकाला मध्यबिंदू नाही, जे जे हवं ते सगळं आहे. २०११मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या जोशी, थमिझवेल आणि रामकृष्णन यांनी त्याचे चांगले एकस्फटिक घेऊन ३.७ केल्विनच्या आसपासची अतिवाहकता अभ्यासली आणि अपेक्षा उंचावल्या. पुढे २०१५मध्ये टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली जोडी बांधणारी जी ऊर्जाफट दिसली ती एकच होती, सर्व बाजूंनी बंद, पुस्तकी. पृष्ठभागावर स्पिन बांधलेल्या अवस्था आहेत, त्या देखण्या आहेत, पण जोड्या आपल्या जुन्याच वळणाच्या. किंवा लॅन्थॅनमचे सात आणि इरिडियमचे तीन अणू असलेलं संयुग घ्या. २०१५मध्ये म्युऑनांच्या मदतीने दिसलं की त्यात अतिवाहकता सुरू होताच एक अतिशय क्षीण चुंबकक्षेत्र आपोआप उमटतं, काळाची सममितीच मोडते. म्युऑन दोन मायक्रोसेकंदांत विरून जाणारा कण. एवढ्या आयुष्यात तो जिथे थांबला तिथलं क्षेत्र सांगून जातो. इरिडियम जड, मध्यबिंदू नाही, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते ठरल्यासारखंच होतं. पाच वर्षांनी इरिडियम काढून त्याच्या वरच्या घरातलं, बरंच हलकं ऱ्होडियम घातलं गेलं. क्षेत्र तरीही उमटलं. ऱ्हेनियम-झिर्कोनियमच्या संयुगाचीही गत तीच: तिथेही आधी मध्यबिंदूच्या अभावाकडे बोट दाखवलं गेलं, आणि २०१८मध्ये निव्वळ ऱ्हेनियम धातूतही तेच दिसलं, ज्याच्या रचनेत मध्यबिंदू व्यवस्थित आहे.

अशा बातम्यांनी माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. आवर्तसारणीत एक घर वर किंवा खाली सरकणं हेच आपल्या हातातलं सर्वांत जवळचं बटण, आणि ते दाबलं की अणूचा आकार बदलतो, कंपनं बदलतात, कोन बदलतात, संक्रमण तापमान बदलतं. एकच गोष्ट बंद करायची सोय निसर्गाने दिलेली नाही. गणनेतल्या लाल रेषा म्हणूनच मला अजूनही हव्या आहेत. संगणकात तरी ती सोय आहे, आणि फोनॉन, अणूंच्या जागा, सगळं नव्याने सोडवू दिलं तर त्या बरंच शिकवतात. फक्त त्या रेषेला उत्तर समजून तिथेच लिहिणं थांबवणं मला आता जमत नाही.

सध्या मन ज्या संयुगात अडकलं आहे त्यात ऱ्होडियम आणि आर्सेनिक प्रत्येकी दोन आणि सेरियमचा एक अणू आहे. २०२१मध्ये ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लँक संस्थेतून ते पुढे आलं. संक्रमण तापमान ०.२६ केल्विन, हिशेबाने अर्धा टेस्लाही त्याला जड जायला हवा. स्फटिकाच्या उभ्या अक्षाच्या दिशेने क्षेत्र लावलं तर ते सुमारे १४ टेस्लापर्यंत अतिवाहक राहतं, आणि वाटेत चार टेस्लाच्या आसपास एका अतिवाहक अवस्थेतून दुसरीत जातं. गंमत अशी की या स्फटिकाला मध्यबिंदू आहे. पण तो सेरियमच्या दोन थरांच्या मध्ये पडतो. प्रत्येक थराच्या वर एका प्रकारचा शेजार, खाली दुसऱ्या प्रकारचा. पुढच्या थरात हे उलट. म्हणजे प्रत्येक थर आपापल्यापुरता एकांगी, आणि सगळे मिळून समतोल. अशा थरांत स्पिन-ऑर्बिट आळीपाळीने उजवे-डावे आटे पाडतं, आणि क्षेत्र वाढवलं की जोड्यांच्या तरंगाचं चिन्ह एका थरात अधिक, पुढच्यात उणे असं बदलू शकतं, असं योशिदा, सिग्रिस्ट आणि यानासे यांनी २०१२मध्येच मांडून ठेवलं होतं. सेरियम असल्यामुळे इथेही इतर मांडण्यांची लुडबुड आहेच. त्या दुसऱ्या अवस्थेचा अर्थ सगळ्यांनी एकमुखाने मान्य केला आहे असं नाही.

तरीही या स्फटिकात एक गोष्ट आहे जी लिथियमच्या त्या जोडगोळीत नव्हती. इथे अणू बदलावा लागत नाही. तोच खडा, तेच कोन, तीच कंपनं. फक्त क्षेत्राची दिशा फिरवायची. स्पिन-ऑर्बिटने स्पिन थराच्या पातळीत बांधून ठेवले असतील तर उभं क्षेत्र त्यांना फारसं वाकवू शकणार नाही, आडवं क्षेत्र मात्र सरळ भिडेल. मोजमाप तसंच सांगतं: आडव्या क्षेत्रात अतिवाहकता दोनेक टेस्लातच संपते आणि दुसरी अवस्था दिसतच नाही. मधल्या कोनांवर मोजत गेलं तर उभ्या अक्षापासून पस्तीसेक अंश कललं की ती दुसरी अवस्था निघून जाते. मला आता हाच प्रयोग वेगवेगळ्या दाबांखाली केलेला पाहायचा आहे. दाबाने थर एकमेकांच्या जवळ येतील, थराथरांतून इलेक्ट्रॉनांची ये-जा वाढेल, आणि स्पिन-ऑर्बिटला तिच्याशी झगडावं लागेल. तो पस्तीसचा कोन तेव्हा कुठे सरकतो, ते आकडे मला हवे आहेत.